कातड्याने मोजलेले राज्य

१/ रोल-प्लेइंग गेमसाठी पुराणकथा रचणाऱ्यांचा एक लाडका बचाव असतो: हे सारे कल्पित आहे, त्याचा जाब कसला? हा बचाव किती पोकळ आहे, हे पाहायचे तर पालघर जिल्ह्यातील जव्हारला यावे. (थ्रेड)

२/ गेममधल्या मोहिमेचा साचा ठरलेला असतो. नायकाला दैवी संकेत मिळतो, तो युक्तीने अडसर दूर करतो आणि बक्षीस म्हणून भूमी मिळवतो. जव्हार संस्थानाची स्थापनाकथा नेमकी याच साच्यातली आहे.

३/ जयबा मुकणे हा कोळी सरदार. गोसाव्यांनी त्याला 'जव्हारचा राजा' म्हणून आशीर्वाद दिला. पुढे तो जव्हारवर चालून आला आणि तेथील वारली प्रमुखाकडे त्याने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. प्रमुखाने होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या आणि त्यांनी प्रमुखाचा गडच वेढला.

४/ ही युक्ती एकट्या जव्हारची नाही. कार्थेजची राणी डायडो हिने याच रीतीने नगर वसवले, असे रोमन परंपरा सांगते. नॉर्स सागांत रॅग्नारचा पुत्र आयव्हर इंग्लंडमध्ये हेच करतो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कथेला २४०० हा स्वतंत्र क्रमांक आहे.

५/ उसनवारी हा दोष नव्हे. कथा प्रवास करणारच. प्रश्न आहे तो कथा कोणाचे काम करते हा. ती सर्वत्र एकच काम करते: घेणाऱ्याला चतुर ठरवते, गमावणाऱ्याला भोळा. मग बळकावणे उरत नाही, 'सौदा' उरतो. जयबाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. वारली प्रमुखाला कथेने नावसुद्धा दिलेले नाही.

६/ कथेचे बळ पाहा. जयबाचा पुत्र नेमशाह याला दिल्लीकडून राजा हा किताब मिळाला, तो दिवस ५ जून १३४३. त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक मोजला. राज्य १९४८ मध्ये विलीन झाले, कथा मात्र आजही सांगितली जाते. आणि कथेतले ते 'भोळे' वारली? शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात १९४५ साली ते वेठबिगारीविरुद्ध उठले.

७/ गेमही निष्पाप नाहीत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चा. त्याच्या १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथाने भारतीय देवतांनाही प्राणांक आणि चिलखताचे आकडे बहाल केले. देव झाला मारता येण्याजोगा आकडा!

८/ दुसरी वाट जामसर-जव्हारच्या डोंगरांतच आहे. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवता. भगत घांगळीच्या साथीने तिची कथा गातात. कणसरी जिंकून घ्यायची वस्तू नाही; ती रुसू नये म्हणून तिचा मान राखायचा असतो. ही मोहीमच आहे, पण तिच्या शेवटी नायकाच्या हाती खजिना येत नाही, त्याच्या माथी देणे येते.

९/ तेव्हा पुराण जरूर रचावे. मात्र नायकाच्या हाती कातडे देण्यापूर्वी रचनाकाराने वारली प्रमुखाला नाव द्यावे, वाचा द्यावी आणि नकार देण्याची मुभा द्यावी. तो 'नाही' म्हणाला तर कथा कोसळत असेल, तर ती मोहीम नव्हतीच. तो जमिनीचा खोटा दस्त होता.