म्हाताऱ्या वानराची कुरकुर

‘डाँकी काँग कंट्री’ या खेळात एक पांढऱ्या दाढीचा वानर आपल्या खोपटात, हाती काठी धरून, येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत असतो. हल्ली सगळा चित्रांचा थाट, खेळ असावेत तर आमच्या काळासारखे, हे त्याचं पालुपद. त्याचं नाव क्रॅन्की काँग. १९८१च्या आर्केड खेळात मारिओच्या अंगावर पिंपं गडगडवणारा मूळ डाँकी काँग तो हाच, आता सेवानिवृत्त. गंमत अशी की नोव्हेंबर १९९४ मध्ये हा खेळ दुकानांत आला तो चित्रांचाच डंका पिटत. म्हणजे मालाची टर उडवणारा म्हातारा कारखानदारांनी स्वतःच दुकानात आणून बसवला होता. तीस वर्षांनी मागे वळून पाहता म्हाताऱ्याचं बरंचसं खरं ठरलंय.

डंका उगीच नव्हता. इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस गावातल्या ‘रेअर’ या कंपनीच्या टिम आणि ख्रिस स्टँपर या भावांनी सिलिकॉन ग्राफिक्सचे महागडे संगणक घेतले होते. ‘जुरासिक पार्क’ चित्रपटाचे डायनासोर सिलिकॉन ग्राफिक्सच्याच यंत्रांवर घडले. या संगणकांवर त्रिमितीय वानर घडवायचे, त्यांच्या हालचालींची एकेक चौकट सपाट चित्रात उतरवायची आणि ती सोळा बिटांच्या सुपर निन्टेंडो या खेळयंत्रात कोंबायची, असा हा उद्योग. १९९४च्या उन्हाळ्यात शिकागोच्या प्रदर्शनात खेळ दाखवला, तेव्हा हे पुढच्या पिढीच्या यंत्रावर चाललंय असंच अनेकांना वाटलं. खेळाच्या नव्वद लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आज तीच चित्रं पाहिली तर वानरांच्या अंगावर प्लॅस्टिकची चकाकी दिसते. तरी खेळ हातातून सुटत नाही.

त्याचं कारण चालीत आहे. कलाकारांनी जवळच्या प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास गोरिलांचं निरीक्षण केलं, पण खरे गोरिला खेळाच्या कामाचे निघाले नाहीत. अखेर खेळाचा नायक असलेल्या नव्या डाँकी काँगला धावण्याची ढब दिली ती दौडणाऱ्या घोड्याची! निसर्गाशी प्रामाणिक राहण्यापेक्षा बोटांशी प्रामाणिक राहणं त्यांनी पसंत केलं. खेळाचा रचनाकार ग्रेग मेल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टप्पे असे रचले की सरावलेल्या खेळाडूला कुठे थबकावंच लागू नये. दोर झोका घेऊन येतो तो नेमका पाय सुटायच्या वेळी, आणि पुढे उडी कुठे घ्यायची ते हवेत टांगलेल्या केळ्यांची रांग सांगते. कथा म्हणाल तर किंग के. रूल नावाच्या मगरराजाने केळ्यांचा साठा पळवलाय, बस्स. जिवाची पट्टीही नाही. डाँकी आणि धाकटा डिडी ही जोडगोळीच ते काम करते: एकाला मार बसला की तो पडद्यावरून जातो, दुसरा उरतो, आणि पिंपात अडकलेला जोडीदार सोडवेपर्यंत छातीत धडधड. डिडी चपळ खरा, पण अंगापिंडाने दणकट शत्रूंवर त्याची उडी फुकट जाते. तिथे थोरल्याचंच वजन लागतं.

आणि कान. सुपर निन्टेंडोच्या ध्वनियंत्राला स्मृती होती अवघी ६४ किलोबाइट; आज फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत संगीतकार डेव्हिड वाइजने पाण्याखालच्या टप्प्यांसाठी ‘अ‍ॅक्वाटिक अ‍ॅम्बियन्स’ ही संथ धून बसवली. एरवी पाण्यातले टप्पे म्हणजे खेळाडूची शिक्षाच, पण इथे तलवारमाशाच्या पाठीवर बसून निवांत भटकावंसं वाटतं. चित्रांची कोणी आता नक्कल करत नाही, ही धून मात्र वादक आजही वाजवतात.

म्हाताऱ्याची कुरकुर पुढे एका खेळाचं निमित्तही झाली. १९९५च्या ‘डाँकी काँग लँड’ची कथाच अशी की क्रॅन्की पैज मारतो: भपका काढून घ्या, आठ बिटांच्या गेम बॉयवर हेच करून दाखवा, मग बघू. रेअरने पैज घेतली खरी, पण चार छटांच्या इवल्या पडद्यावरही त्रिमितीय चित्रांचा मोह काही सुटला नाही. परिणामी मगर कुठे संपते आणि मागचं जंगल कुठे सुरू होतं, हे डोळे बारीक करून शोधावं लागतं.