मोअरच्या तोंडात हात नको

एप्रिल संपत आला की न्यू जर्सीत काय, इलिनॉयमध्ये काय, शनिवारी सकाळी घरोघरी लॉनमोअर सुरू होतात. इथे घर घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी भारतात हे यंत्र कधी हातात धरलेलं नसतं. पेट्रोल घालायचं आणि दोरी ओढायची, एवढ्यावर शिकणं संपतं. म्हणून एकाच भागाबद्दल कळकळीने सांगतो: कापलेलं गवत बाजूने बाहेर फेकणारं तोंड, म्हणजे डिस्चार्ज शूट, आणि त्यावरची झडप.

२१ इंची पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटर होतो. त्याला लागलेला खडा किंवा खिळा याच तोंडातून सुटतो. झडप त्याला जमिनीकडे वळवते. गवत नीट पडत नाही म्हणून ती वर बांधून ठेवणं किंवा काढून टाकणं म्हणजे ते खडे सरळ माणसांच्या अंगावर सोडणं. शूट बसवायचा किंवा काढायचा तो इंजिन बंद करून, पातं थांबल्यावरच. पहिले दोन फेरे शूटचं तोंड लॉनच्या आतल्या बाजूला राहील असे घ्या. घर, रस्ता, खिडक्या यांच्याकडे नको. मुलं घरात असू द्या. खडीचा रस्ता ओलांडताना पातं बंद करा.

खरा घात होतो तो गवत अडकल्यावर. दव पडलेलं किंवा गुडघाभर वाढलेलं गवत शूटमध्ये चिकटतं आणि हात आपसूक तिकडे जातो. १९८२ पासून अमेरिकेत ढकलायच्या मोअरचा दांडा सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे असा नियम आहे. पण काही मोअरमध्ये पातं थांबतं आणि इंजिन चालूच राहतं. शिवाय तो दांडा दोरीने बांधून ठेवणारेही असतात. तसं करू नका. इंजिन बंद करा, पातं थांबू द्या, स्पार्क प्लगची वायर काढा. बॅटरीचा मोअर असेल तर बॅटरी काढा. मग काठीने गवत काढा. इंजिन बंद असलं तरी बोटं नकोत, कारण पातं अचानक थोडं फिरू शकतं. मोअरच्या मुठीला एक काठी कायमची अडकवून ठेवा. गवत वाळू द्या, पात्याची उंची वाढवा, म्हणजे अडकणंच कमी होईल.

आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात आई-बाबा येतात. बाबांना हातावर हात ठेवून बसवत नाही, ते चपला घालूनच मोअर बाहेर काढतात. त्यांना आधी पक्के बूट द्या, आणि अडकलेलं गवत तुमच्यासमोर काठीने काढून दाखवा. नुसतं ‘बाबा, जपून’ म्हणून भागत नाही.

या शनिवारी दोरी ओढण्याआधी झडप हाताने उचलून सोडून पाहा. ती आपोआप खाली बसली नाही, तर स्प्रिंग बदलेपर्यंत लॉन कापू नका.