शेजघर, माजघर आणि ‘ग्रामीण शैली’

गृहसजावटीच्या पानांवर ‘कंट्री स्टाइल’ बेडरूमची छायाचित्रे आता नित्याची झाली आहेत. पांढऱ्या भिंती, जुन्या लाकडाचा पलंग, त्यावर ठिगळांची रजई, कोनाड्यात कंदील आणि भिंतीवर हमखास एक बैलगाडीचे चाक. शहरातल्या सदनिकांत आणि मुळशी-कर्जतकडच्या फार्महाउसांत अशी खोली हौसेने मांडली जाते. शांत झोप लागावी ही त्यामागची इच्छा रास्तच आहे. तिची टिंगल करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच, की ही शांतता नेमक्या कोणत्या खेड्यातून आणली आहे?

निदान महाराष्ट्रातल्या खेड्यातून नव्हे. या शैलीचा एक उगम इंग्लंडात सापडतो. विल्यम मॉरिसने 1871 मध्ये टेम्सच्या वरच्या काठावरचे केल्मस्कॉट मॅनर हे जुने घर भाड्याने घेतले. त्याचा कापडाचा आणि भिंतीच्या कागदांचा व्यवसाय लंडनमध्ये होता. हे घर विसाव्याचे. तिथल्या खांबांच्या जुन्या पलंगासाठी त्याने एक कविता लिहिली आणि 1890 च्या दशकाच्या प्रारंभी त्याची मुलगी मे हिच्या आखणीनुसार ती पलंगाच्या झालरीवर भरतकामाने उतरवली गेली. कवितेत तो पलंगच बोलतो. यंत्रयुगाला विटलेल्या शहरी माणसाने रचलेले हे खेडे आहे. मॉरिसच्या बाबतीत त्यामागे हस्तकौशल्याचा आणि श्रमिकांच्या जगण्याचा गंभीर विचार होता, पुढे समाजवादही होता. सजावटीच्या पानांपर्यंत येताना हा विचार गळाला आणि झालर तेवढी शिल्लक राहिली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. ‘बेडरूम’ला मराठीत रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता? ‘शयनगृह’ जाहिरातीतला आणि ‘निजायची खोली’ बऱ्यापैकी अलीकडची. ‘शेजघर’ हा सुंदर शब्द आहे, पण तो टिकला मुख्यतः देवळात. पंढरपूरला विठ्ठलाचे शेजघर आहे. आषाढीच्या आधी तिथला पलंग काढतात, कारण यात्रेच्या दिवसांत देव निजत नाही. माणसांच्या घरात मात्र ओसरी, पडवी, माजघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली असे शब्द सापडतात. निव्वळ निजण्यासाठी राखलेली खोली ही चैन बहुसंख्य घरांत नव्हतीच. म्हणून शब्दही रुळला नाही.

मग लोक निजत कुठे? पुरुष ओसरीवर नाहीतर अंगणात, बायकामुले माजघरात. नव्या जोडप्याला माळा किंवा धान्याच्या कणग्यांमधली जागा. एकखणी घरात तर चूल, माणसे आणि पावसाळ्यात शेळ्यासुद्धा एकाच छपराखाली. सुनेला दिवसा पाठ टेकायला जागा नसे आणि रात्री तिच्या बांगड्यांचा आवाज साऱ्या घराला ऐकू जाई. व्हर्जिनिया वूल्फने 1929 मध्ये लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची, कुलूप लावता येईल अशी खोली मागितली. वर्गात ते पुस्तक शिकवताना आपण पहिल्यांदा आर्थिक स्वातंत्र्याकडे वळतो, पण आपल्या माजघराच्या संदर्भात ते कुलूप मला जास्त बोलके वाटते. आतून कडी लावता येणे ही ग्रामीण जीवनाची नव्हे, शहरी घराची देणगी आहे. तेव्हा ‘पूर्वीसारखी निवांत खोली’ असे कोणी म्हणू लागले, की ती कोणासाठी निवांत होती हे विचारले पाहिजे.

याचा अर्थ खेड्याच्या घरातून घेण्यासारखे काही नाही असा मुळीच नाही. मला तर वाटते, मुख्य गोष्टच घ्यायची राहून गेली. ती म्हणजे मोकळी जमीन. सकाळी अंथरुणे गुंडाळून वळकट्या कोपऱ्यात जात, पांघरुणे दांडीवर पडत आणि त्याच जागेत धान्य निवडले जाई, पंगत बसे. आजच्या खोलीत पलंग दिवसभर हटत नाही. त्यात तो पेटीचा. पेटीत लग्नातली भांडी, जुने स्वेटर, बिघडलेला मिक्सर. गोदामावर गादी टाकून शांततेची अपेक्षा करायची, हा प्रकार मला अनाकलनीय वाटतो. त्यापेक्षा नवारीची खाट किंवा उंच पायांचा साधा पलंग घ्यावा, ज्याखालून केरसुणी सहज फिरेल.

भिंतीला प्लास्टिक रंगाऐवजी चुन्याची सफेदी द्यावी. चुना भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो. कोकणात तर हे फारच मोलाचे. चार इंची भिंतीत कोनाडा कोरता येत नाही, तेव्हा त्याचे सोंग न करता लाकडी खुंट्या ठोकाव्यात. सारवलेल्या जमिनीचे चित्र छापलेल्या फरश्या मिळतात म्हणे! त्यापेक्षा शहाबादी बरी, उन्हाळ्यात अनवाणी पायांना खरोखर गार लागते. कौलारू घर असेल तर एका कौलाच्या जागी काचेचे कौल बसवावे. त्यातून उतरणारा कवडसा जमिनीवरून सरकतो आणि त्यावरून वेळ कळते.

राहिली गोधडी. यंत्रावर ठिगळांची नक्षी नुसती छापलेली रजई मला पाहवत नाही. ठिगळ हे मुळात अलंकरण नव्हे. फाटलेले वाया जाऊ नये म्हणून दुपारच्या वेळी बायकांनी घातलेला तो धावदोरा आहे. घरातली जुनी लुगडी-पातळे काढून गोधडी शिवून देणाऱ्या बाया आजही भेटतात. त्यांना कापड द्यावे आणि दिवसांच्या हिशेबाने मजुरी द्यावी, घासाघीस न करता. मात्र एक अडचण आधीच सांगितलेली बरी. भिजलेली गोधडी पिळायला दोघे लागतात, ती वाळायला चांगले ऊन लागते, आणि बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालायला कित्येक सोसायट्यांची मनाई असते. खोलीचा आराखडा काढतानाच तिच्या उन्हाची सोय पाहून ठेवावी.