फ्रीजवरचे तारे आणि फताटेवाडीची चिमणी

परवा आठवीच्या वर्गाला गृहपाठ दिला: घरातल्या फ्रीजच्या लेबलवर किती तारे आहेत ते पाहून या. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "सर, हे तारे देतं कोण?"

या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या सोलापूरचा एक माणूस येतो, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, पुढे मुंबईत पोलीस उपनिरीक्षक झाले, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. १९७४ साली ते करमाळ्यातून आमदार झाले, २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले, हेही सांगतो. मात्र जानेवारी २००६ ते जुलै २०१२ या साडेसहा वर्षांत केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणून त्यांच्या खात्यात काय घडलं, याविषयी कुणाला विचारा. उत्तर एकच येतं: "एनटीपीसी आणलं."

आणलं, हे खरं आहे. फताटेवाडी-आहेरवाडीचा तो प्रकल्प ६६० मेगावॅटच्या दोन संचांचा आहे. पहिला संच २०१७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. तंत्रज्ञान सुपरक्रिटिकल, म्हणजे जुन्या संचांपेक्षा युनिटमागे कोळसा कमी लागतो. पण जळतो तो कोळसाच, आणि पाणी लागतं ते उजनीचं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ही गोष्ट छोटी नाही.

त्याच काळातलं दुसरं काम मात्र कुणाच्या लक्षात नाही. मे २००६ मध्ये ऊर्जा मंत्रालयाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तारांकित लेबल सुरू केलं. आधी ते ऐच्छिक होतं. जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एसी आणि ट्यूबलाइटसाठी ते सक्तीचं झालं. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली. २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली: जुना पिवळा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. मार्च २०१२ मध्ये देशातल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचं उद्दिष्ट दिलं गेलं. जो जास्त बचत करेल त्याने प्रमाणपत्र विकावं, जो कमी पडेल त्याने ते विकत घ्यावं.

हे सगळं एकट्या मंत्र्याचं श्रेय नाही. कायदा २००१ चा होता, आणि २००६ पासून दहा वर्षं ब्युरोचे महासंचालक असलेले अजय माथुर यांच्यासारखे अधिकारी राबत होते. मंत्र्याचं काम पाठबळ द्यायचं असतं, आणि त्या वर्षांत ते मिळालं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षांत मुंद्रा आणि सासनसारखे चार-चार हजार मेगावॅटचे कोळसा प्रकल्प मार्गी लागले. आणि ३० व ३१ जुलै २०१२ ला लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात असतानाच शिंदेसाहेब गृहमंत्री झाले. टीका झाली, आणि ती रास्तच होती.

माझा मुद्दा एका व्यक्तीची आरती किंवा निंदा करण्याचा नाही. मुद्दा आपल्या मोजमापाचा आहे. आपण नेत्याला विचारतो, काय आणलंत? कोनशिला दिसते, चिमणी दिसते. जी वीज वाचली आणि त्यामुळे जो प्रकल्प बांधावाच लागला नाही, त्याचं उद्घाटन होत नाही. मग नेतेही चिमण्याच उभारणार. यात दोष निम्मा आपला आहे.

आपल्या दीनमध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरा, अशी शिकवण आहे. आणि जुम्याची नमाज संपून अर्धा तास झाला तरी मशिदीत पंखे फिरत असतात, दोन माणसांसाठी चार एसी चालतात. बिल चंद्यातून जातं, म्हणून कुणाला टोचत नाही. मशिदीच्या कमिटीने पुढची खरेदी तारे बघून केली, छतावर सोलर बसवलं तर? जोहर आणि जुम्याची वेळ म्हणजे नेमकी ऊन्हाची वेळ. दिवसा उरलेली वीज नेट मीटरिंगने ग्रिडला जाते आणि इशा-तरावीहच्या वापरातून वजा होते.

नेत्यांना विचारायचा प्रश्नही आहे. ते ४७८ कारखाने मोठे होते. आपले यंत्रमाग आणि टॉवेलची छोटी डाइंग हाऊसेस त्या यादीत नव्हती. तिथे हजारो मुसलमान आणि पद्मशाली कुटुंबांची रोजीरोटी आहे आणि वीजबिल वाढलं की पहिला फटका कामगाराच्या मजुरीला बसतो. कमी विजेची मोटर, चांगला बॉयलर यासाठी छोट्या मालकाला स्वस्त कर्ज कोण देणार? पुढच्या वेळी मतं मागायला कुणीही आलं, तर हे विचारा.

त्या मुलीच्या घरच्या फ्रीजला दोन तारे निघाले. वर्गातल्या मुलांनी तिला चिडवलं. मी म्हटलं, "चिडवू नका. पाच तारे महाग असतात. ते तिच्या अब्बूंना परवडतील असं करणं, हे सरकारचं राहिलेलं काम आहे."