गड, घाट आणि घरातील भाषा

मावळातील लोहगडवाडी हे लोहगडाच्या पायथ्याशी, विसापूरच्या शेजारी वसलेले छोटे गाव. ११ जुलै २०२५ रोजी या गावाच्या माथ्यावरील गडाची नोंद जगाने घेतली. पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा दुर्गांचा वारसा यादीत समावेश केला, त्यात लोहगडही आहे. त्याच यादीत २००६ पासून आणखी एक स्थान आहे. मराठी माणसाशी त्याचे जवळचे नाते असूनही महाराष्ट्रात त्याची आठवण क्वचितच निघते. ते स्थान म्हणजे मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाट. लोहगड हे मराठ्यांच्या सत्तेचे स्मारक, तर हा घाट सत्ता गेल्यावर पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांचे.

इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. परंतु तेथील रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती कायम ठेवण्याचे मान्य केले. राज्य इंग्रजांचे, पण उसाच्या मळ्यांवर भाषा फ्रेंच आणि तिच्यापासून घडलेली क्रेओल, अशी स्थिती राहिली. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर तेथे जाऊ लागले. पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी कुटुंबे होती. परक्या कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत उतरवले आणि अनेक घराण्यांत पूर्वजाचे ते एकेरी नावच पुढे आडनाव होऊन बसले.

या निर्धन माणसांनी काय टिकवले, हे पाहिले की मान आदराने लवते. त्यांनी गणपती टिकवला. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. त्यांनी भजन टिकवले, कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने जिवंत ठेवली. २०२३ मध्ये तेथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

मात्र एक गोष्ट हातून निसटली, ती घरातील मराठी. मळ्यावर क्रेओल, वृत्तपत्रांत फ्रेंच, कचेरीत इंग्रजी, अशा व्यवहारात मायबोलीला जागा उरली नाही. २०११ च्या जनगणनेत त्या देशातील दहापैकी आठांहून अधिक लोकांनी क्रेओल हीच घरची भाषा सांगितली. तेथील शाळांत मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते; पण आईच्या तोंडून येणारी भाषा आता बहुतेक घरांत पुस्तकातून शिकावी लागते. पुरंदरच्या तहात १६६५ साली गेलेला लोहगड स्वराज्याने १६७० मध्ये परत घेतला. घरातून गेलेली भाषा पाच वर्षांत परत येत नाही.

मळ्यावरील मजुराला यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याच्यापुढे पर्याय नव्हता. आज मुंबई-पुण्याहून कॅनडातील मॉन्ट्रियलला स्थायिक होण्यास निघालेल्या सुशिक्षित कुटुंबापुढे मात्र तो आहे. क्वेबेक प्रांताच्या १९७७ च्या भाषाविषयक कायद्यानुसार बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळांत सामान्यतः फ्रेंच माध्यमातूनच शिकावे लागते. इंग्रजीच्या भरवशावर गेलेल्या पालकांना ही सक्ती जाचक वाटते. वस्तुतः इंग्रजीच्या महासागरात आपले बेट बुडू नये म्हणून एका समाजाने घातलेला तो बांध आहे. त्याचा आदर करावा, फ्रेंच मनापासून शिकावी. ज्या भूमीचे अन्न खायचे, तिची भाषा बोलणे हा साधा कृतज्ञताधर्म आहे.

परंतु त्याच समाजाकडून दुसरा धडाही घ्यावा. तीन भाषांचे ओझे मुलाला झेपणार नाही, ही भीती अनाठायी आहे. बेळगावचे मराठी मूल मराठी, कन्नड, हिंदी सहज बोलते. ओझे मुलाला होत नसते. संध्याकाळी थकून आलेल्या पालकालाच मराठीत उत्तर मागण्याचा कंटाळा येतो. वर्षातून एकदा गणपती बसवला की संस्कृती जपली, असे समाधान मानणे सोपे आहे. भक्तीने उत्सव टिकतो, हे मॉरिशसने सिद्ध केले. भाषा मात्र रोजच्या बोलण्याने टिकते, हेही त्याच बेटाने दाखवले आहे.

अर्थात हा प्रश्न परदेशी गेलेल्यांपुरता नाही. गडावर मुलांना घेऊन येणाऱ्या किती घरांत तटा-बुरुजांची कथा मराठीत सांगितली जाते, हेही एकदा पाहावे. लोहगडाचे दगड पुरातत्त्व खाते सांभाळील. घरातील भाषेसाठी असे कोणतेही खाते नाही; ते काम आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचेच आहे.