बहीण निवृत्त होते तेव्हा

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावात सेवानिवृत्तीचा कार्यक्रम होतो तो गुरुजींचा, ग्रामसेवकाचा, नाहीतर गावच्या पोलीस ठाण्यातल्या एखाद्या जमादाराचा. शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार आणि ‘आता जरा कुटुंबाला वेळ द्या’ असं बजावणारी चार भाषणं. टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्या मंडळींत सत्कारमूर्तींपेक्षा वयानं मोठी माणसंही असतात. त्यांना दुसऱ्या दिवशी सोयाबीन सोंगायची असते. शेतकऱ्याला आणि मजुराला निवृत्तीचं वय कोणी ठरवून देत नाही. ते काम गुडघे करतात.

अलीकडे मात्र राज्य शासनानं गावातल्या बायकांपुरती ही उणीव भरून काढली आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली तेव्हा बहिणीची वयोमर्यादा ६० होती. आठवड्याभरातच ती ६५ झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना मुदतवाढ अशी झटपट मिळते. २१ वर्षांच्या सुनेपासून ६४ वर्षांच्या सासूपर्यंत पात्र बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलाही नको. गरिबीचा पुरावा मागताना शासनानं इतकी सभ्यता क्वचितच दाखवली असेल.

ही सभ्यता ६५ व्या वाढदिवसाला संपते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी पाच लाख बहिणी अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या १ लाख १० हजार जणींचा अपराध एवढाच, की त्यांनी पासष्टी ओलांडली होती. कोणी गाडी घेतलेली नव्हती, कोणाला नोकरी लागलेली नव्हती. वय झालं होतं.

यावर सरकारी उत्तर तयार आहे: पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहेच की! आहे खरी, आणि रक्कमही तीच, महिना १,५०० रुपये. फरक अटीत आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर श्रावणबाळासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. अडीच लाख नव्हे, एकवीस हजार. म्हणजे वयाच्या ६४ व्या वर्षी महिना वीस हजार कमावणाऱ्या घरातली बाई शासनाच्या लेखी गरजू असते. ६५ पूर्ण झाली की ती गरजू ठरायला अख्ख्या घराचं उत्पन्न महिना १,७५० रुपयांत बसावं लागतं. घर तेच, चूल तीच. वाढली असतील तर बीपीच्या गोळ्या.

हे २१,००० म्हणजे किती, याचा हिशेब शासनाच्याच आकड्यांनी करून पाहावा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकानं ६८ दिवस खडी फोडली की २१,२१६ रुपये होतात आणि म्हातारी अपात्र. हमी मात्र शंभर दिवसांची होती. ज्या राज्यानं ही योजना देशाला शिकवली, त्याच राज्यात हमीचं काम इमानानं केलेलं घर गरिबीतून बाद होतं. दुसरा हिशेब त्याहून मजेचा आहे. श्रावणबाळाचे वर्षाचे १८,००० रुपयेच उत्पन्नात धरले, तर बाकी सगळ्या कुटुंबानं वर्षभरात ३,००० रुपयांहून जास्त कमावता कामा नये.

प्रत्यक्षात काय होतं ते वाशीम जिल्ह्यातच काय, राज्यातल्या कोणत्याही तालुक्यात ठाऊक आहे. २१,००० च्या आतला दाखला निघतो. मागणाऱ्याला, चौकशी करणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला, तिघांनाही आकडा खरा नाही हे कळत असतं. पण खरा आकडा लिहिला तर म्हातारीचं अन्न तुटतं, म्हणून बहुतेक वेळा माणुसकी कागदावर मात करते. जिथे ती करत नाही तिथे ओळख लागते, किंवा फेऱ्या. अटच अशी ठेवायची की खोटं बोलल्याशिवाय हक्काचं मिळू नये, आणि मग बोगस लाभार्थींच्या शोधमोहिमा काढायच्या, हा आपला जुना प्रशासकीय छंद आहे.

फेऱ्यांवरून आठवलं. आसेगावच्या आजीला कागदांसाठी मंगरुळपीर गाठायचं तर एसटीत पासष्टीचं वेगळं कौतुक नाही. अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे, आणि फुकट प्रवासासाठी ७५ पूर्ण व्हावे लागतात. भावाची गोष्ट तर निघतच नाही. तो आधी लाडका नव्हता आणि पासष्टीनंतरही त्याला तेच २१,००० आहेत. निदान त्याच्या पदरचं काही काढून घेतलं जात नाही.

आणखी एक गंमत तारखेची. शाळेत गेलेल्या त्या पिढीला गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख दिली. शाळाच न पाहिलेल्या अनेकींच्या आधार कार्डावर नुसतं साल सांगितल्यामुळे १ जानेवारी पडली. तेव्हा दर नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी गावोगावच्या बहिणींची एक तुकडी एकदमच निवृत्त होणार. त्यांच्यासाठी शाल नाही, भाषण नाही. पुढच्या महिन्यात बँकेत पासबुक भरायला गेल्यावर कळेल तेवढंच.

केंद्राचा हात याहून आखडता आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना श्रावणबाळाबरोबर इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतनातून केंद्राचा वाटा मिळतो: ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये. २००७ मध्ये योजनेला हे नाव मिळालं तेव्हाही ते २०० च होते. निवृत्त गुरुजींच्या पेन्शनवर महागाईवाढ मिळते आणि ती मिळायलाच हवी. पण तेलाचा डबा गुरुजींसाठी महागतो आणि सोंगणीवाल्या बाईसाठी नाही, असा शोध अजून लागलेला नाही.

तिजोरीवर ताण आहे, हे खरं. पण तो ताण २१ ते ६५ वयोगटासाठी अडीच लाखांची मर्यादा ठरवताना आड आला नाही, आणि म्हातारपणाच्या दारात नेमका आठवतो. पासष्टी हे राज्याच्या दृष्टीनं काटकसर सुरू करण्याचं वय असेल, तर तसं स्पष्ट सांगावं. बहीण, लाडकी वगैरे शब्द मध्ये आणू नयेत. नसेल, तर उपाय एका शासन निर्णयाचा आहे: श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवर न्यावी, आणि ६५ पूर्ण होणाऱ्या बहिणीचं नाव नवा अर्ज, नवा दाखला न मागता एका यादीतून दुसऱ्या यादीत आपोआप जावं. आधार तेच आहे, खातं तेच आहे, रक्कमही तीच आहे. तो निर्णय निघेपर्यंत, ज्यांच्या आधारवर १ जानेवारी आहे त्यांनी आणि त्यांच्या लेकासुनांनी डिसेंबरातच तहसीलचा रस्ता धरलेला बरा.