काजळी इंजिनातली, जबाबदारी इंधनाची

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागणाऱ्या अड्याळसारख्या गावात गाडीचा पिकअप गेला, एव्हरेज पडले, की पूर्वी एकच उपाय होता : मिस्त्री. आता दुसराही आहे. टाकीत द्रावणाची छोटी बाटली ओतायची आणि इंजिनातला कार्बन निघण्याची वाट पाहायची. बाटली घ्यावी की नाही, हे गाडीवाल्याने ठरवावे. पण ती घेण्याची वेळ त्याच्यावर का येते, हा सार्वजनिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला इंधनाचा शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

इंधन आणि तेल पुरते जळले नाही की पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, प्लगच्या टोकाशी काळा थर धरतो. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे तिथे काजळी ठरलेलीच. 1972 मध्ये बजाज चेतक आली, घरोघरी पोचली आणि गावोगावच्या मिस्त्र्यांना हे काम तोंडपाठ झाले. हेड खोलायचे आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी जमलेली खपली झिजलेल्या हॅक्सॉच्या पात्याने अलगद सोडवायची. पिस्टनच्या नरम ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटू द्यायचा नाही आणि एकही कण रिंगच्या खाचेत जाऊ द्यायचा नाही. सायलेन्सर जाळावर धरून आतला तेलकट कार्बन जाळून टाकायचा. हेड बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे, नाहीतर पॅकिंग गळते. या कामात कष्ट होते, कसब होते आणि गाडीवाल्याचा दिवस मोडत होता.

हेच काम इंधनाकडून करून घेण्याचा विचार अमेरिकेत पुढे गेला. 1970 च्या सुमारास पॉलिब्युटीन अमाइन वर्गातली डिटर्जंट पेट्रोलमध्ये आली आणि 1980 च्या दशकात पॉलिइथर अमाइन. साधे सॉल्व्हंट आणि ही रसायने यांत मोठा फरक आहे. सॉल्व्हंट चिकट गोंद विरघळवते, पण भाजून कडक झालेल्या थरापुढे त्याचे फारसे चालत नाही. पॉलिइथर अमाइन ज्वलनकक्षाची उष्णता सोसते, थराला चिकटते आणि तो हळूहळू सोडवते. त्यालाही मर्यादा आहे. आजच्या अनेक टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इनटेक व्हॉल्व्हला इंधनाचा स्पर्शच होत नाही, म्हणून टाकीत ओतलेले कोणतेही औषध तिथे पोचत नाही. तिथला कार्बन काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारावा लागतो. बाटलीवर हे लिहिलेले नसते.

अमेरिकेने 1 जानेवारी 1995 पासून विकल्या जाणाऱ्या सर्व पेट्रोलमध्ये डिटर्जंट सक्तीचे केले. पुढे किमान मात्रा अपुरी वाटू लागली, तेव्हा 2004 मध्ये काही मोटार कंपन्यांनीच एकत्र येऊन वरचा दर्जा ठरवून दिला. इंजिन स्वच्छ ठेवणे हे इंधन विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, हे तिथे कायद्याने मान्य झाले.

इंधनात काही मिसळण्याचा इतिहास मात्र केवळ भल्याचा नाही. 1921 मध्ये टॉमस मिजली यांनी इंजिनाचे ठोके थांबवायला टेट्राइथाइल लेड शोधले आणि हे शिसे कित्येक पिढ्यांच्या रक्तात गेले. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र यायला फेब्रुवारी 2000 उजाडला, तर जगातला शेवटचा देश अल्जीरिया 2021 मध्ये थांबला. टाकीत पडणारी प्रत्येक गोष्ट शेवटी धुराड्यातून श्वासात येते, हा त्या शतकाचा धडा आहे.

आपल्याकडे काजळीचे मोठे कारण भेसळ हेही होते. रेशनचे रॉकेल स्वस्त, पेट्रोल-डिझेल महाग, आणि या फरकावर टोळ्या पोसल्या गेल्या. रॉकेल पेट्रोलपेक्षा जास्त तापमानाला उकळते, पेट्रोल इंजिनात नीट जळत नाही आणि प्लग काळे करते. औद्योगिक सॉल्व्हंट पंपावर जाऊ नयेत म्हणून केंद्राला 2000 मध्ये वेगळा आदेश काढावा लागला. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळले. स्वच्छ इंधनासाठी महाराष्ट्राने मोजलेली ही किंमत आहे, आणि ती विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन देशभर आले, गंधक दशलक्षात 10 भागांवर आले. त्यापाठोपाठ पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आले. ते उसापासून बनते, तसे तांदळापासूनही, म्हणजे भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्याचाही या धोरणाशी संबंध आहे. पण इथेनॉल हे स्वतःच सॉल्व्हंट आहे. जुन्या टाकीतला साचलेला मळ ते सोडवते आणि फिल्टरमध्ये आणून अडकवते. पाणी शिरले तर ते पाण्याबरोबर तळाशी बसते. याचा फटका शोरूमपासून दूर, पंधरा वर्षांची गाडी जपून चालवणाऱ्या माणसाला आधी बसतो.

म्हणून मागणी साधी आहे. पंपावर आज ग्राहक फिल्टर पेपरची चाचणी मागू शकतो, घनता तपासून घेऊ शकतो. हा हक्क त्याने वापरावा. पंपावरच्या फलकावर इथेनॉलचे प्रमाण आणि डिटर्जंटचा प्रकार व मात्रा लिहिणे तेल कंपन्यांना बंधनकारक करावे. चांगले डिटर्जंट महागड्या प्रीमियम पेट्रोलपुरते न राखता साध्या पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये ठरलेल्या मात्रेने असावे. दुकानात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर आतले रसायन आणि ते कोणत्या इंजिनाला चालत नाही, हे मराठीत छापावे. दूध आणि खताच्या बाबतीत पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचण्याची सवय आपण लावून घेतली. पेट्रोलवरचा कर आपण प्रत्येक लिटरमागे भरतो. त्या पेट्रोलमध्ये काय आहे, हे जाणण्याचा हक्क अड्याळच्या गाडीवाल्यालाही मुंबईकराइतकाच आहे.